ट्रूडोसच्या कोठारातली एमजीबी: आधी काय बघायचं, आधी काय उघडायचं?

पाफोसकर

सायप्रसमध्ये निवृत्तीनंतर येऊन राहिलेल्या इंग्रजांच्या गप्पांत "डोंगरातल्या कोठारात पडलेली एमजी", म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, अधूनमधून उगवतेच. या वेळी ती खरोखर आहे. ट्रूडोस डोंगरातल्या ओमोडोस गावाच्या वरच्या अंगाला दगडी कोठार आहे, पूर्वी वाइनचे मातीचे रांजण ठेवायचे तसलं. आत एमजीबी रोडस्टर (उघडी, दोन आसनांची), उजव्या हाताला स्टिअरिंग, तारांची चाकं. चॅसी प्लेटवरचा नंबर जीएचएन३ ने सुरू होतो, इंजिनच्या पट्टीवर १८जीबी. नव्वदच्या दशकापासून जागची हललेली नाही. मूळ मालक हयात नाहीत, मुलगी विकायला तयार आहे.

छत फाटलंय, सीटच्या शिवणी उसवल्यात, टायर सपाट. बॉनेटला लोहचुंबक अजिबात चिकटत नाही, म्हणजे पुट्टीच पुट्टी असावी. इंजिन फिरतं का ते माहीत नाही. किंमत ठरवण्याआधी काय बघावं आणि घेतली तर कामाचा क्रम काय असावा? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

गंजपारखी

लोहचुंबकाचं आधी. त्या काळातल्या एमजीबीचं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं असतं, त्यामुळे चुंबक न चिकटणं ही चांगली खूण आहे. चिकटला असता तर कुणीतरी नंतरचं लोखंडी बॉनेट बसवलंय असं म्हटलं असतं.

आता नंबर. जी म्हणजे एमजी, एच म्हणजे १४०० ते १९९९ सीसी गटातलं इंजिन, एन म्हणजे दोन आसनांची उघडी गाडी, ३ ही मालिका. पुढे एल असता तर डाव्या हाताची. १८जीबी हे क्रँकला पाच मुख्य बेअरिंग असलेलं इंजिन, ऑक्टोबर १९६४ ते १९६७. इंजिन मूळचंच असेल तर गाडी याच काळातली. आधीची १८जी आणि १८जीए ही तीन बेअरिंगची होती, तेव्हा हे त्यातल्या त्यात मजबूत.

पण किंमत इंजिनावर ठरवू नका. इंजिन खोलून परत बांधता येतं, भाग मिळतात. या गाडीला वेगळी चॅसी नाही. पत्र्याचं खोकंच भार घेतं, आणि रोडस्टरला छप्पर नसल्याने तो भार दाराखालच्या दोन सिल्सवर येतो. सिल तीन पदरी असते: बाहेरून दिसणारा पत्रा, त्याच्या आत उभा मधला पत्रा, आणि खाली आतल्या अंगाला कॅसल रेल. बाहेरचा पत्रा रंगवून चकाचक करता येतो. आतले दोन सडलेले असले की गाडी मधोमध वाकते.

दार बंद करून मागची फट बघा. वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडी बसलीय. मग जॅकिंग पॉइंटला जॅक लावून एक बाजू हळूहळू उचला आणि फटीवर नजर ठेवा. फट बदलली किंवा दार अडकायला लागलं तर तिथेच थांबा, जॅक उतरवा, आणि किंमत निम्म्यावर आणून बोलणी करा. जॅक पत्र्यात रुतायला लागला तर बोलणी करायचीच गरज नाही.

त्यानंतर एक बोथट स्क्रू ड्रायव्हर घ्या. पुढच्या चाकांमागची जागा (तिथे चिखल साठतो), सीटमागच्या झाकणाखालचे बॅटरीचे दोन पाळणे, मागच्या कमान पाट्यांचे पुढचे टोक जिथे बसतात तो भाग, आणि चालकाच्या पायाखालचा पत्रा. सिलवर स्टीलची चकचकीत पट्टी किंवा दुसरा पत्रा चढवलेला दिसला तर खाली काहीतरी लपवलंय असं धरूनच चाला. दाराच्या वरच्या कडेला, छोट्या त्रिकोणी काचेच्या पायाशी, उभी चीर असते. ती बहुतेक एमजीबींना असतेच, तिने घाबरू नका.

डोंगरातली कोरडी हवा हे तुमचं नशीब. हीच गाडी लिमासोलच्या समुद्रालगत तितकीच वर्षं उघड्यावर राहिली असती तर खाऱ्या वाऱ्याने काम केव्हाच उरकलं असतं. मात्र कोठाराची जमीन मातीची असेल तर ओल खालून येते. गाडी वरून कोरडी आणि पोटातून सडलेली असू शकते. आडवं पडून बघा, फोटोवर जाऊ नका.

पाफोसकर

जमीन मातीचीच आहे. डावीकडची फट सारखी आहे. उजवीकडची वर साधारण दोन मिलिमीटर कमी. जॅक लावला, फट हलली नाही. उजव्या सिलच्या मागच्या टोकाला स्क्रू ड्रायव्हर आत गेला, नाण्याएवढं भोक. बॅटरीचा एक पाळणा गेलेला.

गंजपारखी

मग घेण्यासारखी आहे. पण उजवी सिल पूर्ण करायची आहे असं समजूनच किंमत लावा, "एक ठिगळ मारू" असं नाही. बाहेरची सिल पुढच्या आणि मागच्या पंखांच्या (चाकांवरच्या पत्र्यांच्या) मागे शिरलेली असते. पुढचा पंख बोल्टवर आहे, उतरतो. मागचा वेल्ड केलेला, त्याचा खालचा भाग कापावा लागतो. जो वेल्डर पंखाला हात न लावता सिल बदलून देतो म्हणेल त्याने फक्त दिसणारा तुकडा बदलला असं समजा.

कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी पट्टी बसवून ती पक्की करायची, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत. गाडीचा भार अ‍ॅक्सलवर असू द्या, मधोमध आधाराच्या घोड्यांवर (स्टँडवर) नको. दार पुन्हा पुन्हा लावून फट तपासायची आणि एका वेळी एकच बाजू. दोन्ही सिल्स एकदम कापल्या तर दार कधीच नीट बसत नाही. नंतर आतून मेण फवारा. रंगाआधी नव्हे, रंगानंतर.

अख्खी बॉडीच गेलेली असती तरी मार्ग होता. ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८ पासून एमजीबीची नवी बॉडी जुन्या साच्यांवर बनवते. पण तुमच्या गाडीला त्याची गरज दिसत नाही.

घाईगर्दी

एवढं काय? नवी बॅटरी लावा, थोडं पेट्रोल टाका, सेल्फ मारा. चालू झाली तर घ्या. जुनी ब्रिटिश इंजिनं दणकट असतात.

अँबॅसिडरवाले काका

असं मुळीच करू नका. दणकट असतात हे खरं, पण पंचवीस वर्षं कोरड्या पडलेल्या रिंगा भिंतीला चिकटलेल्या असतात, आणि सेल्फच्या ताकदीने त्या तुटतात. झडप गाइडमध्ये अडकलेली असेल तर पुशरॉड वाकतो. चालू झालीच तर टाकीतला गंज थेट कार्बोरेटरात जातो. म्हणजे पाच मिनिटांच्या आनंदासाठी दोन महिन्यांचं काम.

आपल्याकडे ज्यांनी अँबॅसिडरचं जुनं पेट्रोल इंजिन उघडलंय त्यांना हे इंजिन परकं नाही. दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीज कुळातली. अँबॅसिडरचं १४८९ सीसी, एमजीबीचं १७९८. टॅपेटची बाजू, साइड कव्हर, रॉकर, सगळं ओळखीचं वाटेल. मुख्य फरक कार्बोरेटरचा: इथे एसयू कंपनीचे दोन आहेत.

क्रम असा ठेवा. चारही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरात दोन चमचे पातळ तेल आणि डिझेल अर्धंअर्धं. दोन दिवस तसंच ठेवा, घट्ट वाटलं तर आठवडाभर, अधूनमधून थोडं वाढवत. रॉकर कव्हर काढून रॉकरवरही तेल घाला. मग गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या पुलीच्या नटाला मोठी गोटी लावून हाताने हलवा. आधी थोडं पुढे, थोडं मागे. अडलं तर पाइप लावून लीव्हर लांबवू नका, अजून तेल आणि अजून दिवस. फिरू लागलं की रॉकरकडे बघत दोन फेऱ्या द्या. आठही झडपा खाली जाऊन परत वर आल्या पाहिजेत. एखादी खालीच राहिली तर फिरवणं बंद करा. ती झडप तेल घालून, प्लास्टिकच्या हातोडीने हळू ठोकून मोकळी करा.

मग जुनं तेल गरम न करताच काढा. सगळा गाळ निघणार नाही, हरकत नाही. नवा फिल्टर आणि २०डब्ल्यू५० मिनरल तेल, संप आणि फिल्टर मिळून साडेचार लिटरच्या आसपास. आजकालची पातळ सिंथेटिक तेलं इथे नकोत. हे सपाट टॅपेटचं इंजिन आहे, कॅम वाचवायला तेलात जस्त लागतं. जुन्या गाड्यांसाठीचं तेल म्हणून जे मिळतं त्यात ते असतं.

प्लग काढलेलेच ठेवून सेल्फ मारा, दहा-दहा सेकंदांनी थांबत. तेलाचा दाब मीटरवर दिसेपर्यंत प्लग लावायचे नाहीत. कोरडा पडलेला पंप कधी कधी तेल ओढतच नाही. तेव्हा ऑइल कूलरचा पाइप सोडून त्यातून तेल भरा, म्हणजे पंप भिजतो. कूलरचे रबरी पाइप त्याच वेळी बदला, ते आतून फुगलेले असतात.

गोटीपाना

काकांना जोड. या गाडीचे बहुतेक नट-बोल्ट इंची आहेत, एएफ मापाचे (नटाच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर). ७/१६, १/२, ९/१६ आणि ३/४ हे पाने रोज लागतील. १३ मिलिमीटरचा पाना अर्ध्या इंचाच्या नटाला "बसतो", आणि गंजलेल्या नटाचे कोपरे तोच खातो. वापरलेला का होईना, इंची सेट आधी घ्या. विजेच्या छोट्या स्क्रूंचे आटे पुन्हा वेगळे. गेलेला स्क्रू मेट्रिक घालून बसवू नका, पुढच्या माणसाच्या शिव्या लागतील.

एसयूप्रेमी

इंधनाचं मी लिहितो.

टाकी आधी. एमजीबीची टाकी खालून नव्हे, वरून सडते, कारण टाकी आणि डिक्कीचा पत्रा यांच्यात धूळ आणि ओल अडकून राहते. खाली उतरवल्याशिवाय ते दिसत नाही. आत वार्निशसारखा वास येत असेल तर ते जुनं पेट्रोल आहे, थेंबही वापरू नका. धुऊन, साखळी घालून हलवून गंज निघतो. पण वरचा पत्रा चाळणीसारखा असेल तर नवी टाकी स्वस्त पडते.

पंप मागच्या उजव्या चाकाजवळ असतो. एसयूचा इलेक्ट्रिक पंप बऱ्याच दिवसांनी टिकटिक करत नाही कारण त्यातल्या पॉइंटवर काजळी बसलेली असते. बेकलाइटचं झाकण काढून बारीक पॉलिश पेपरने पुसा. टिकटिक सुरू झाली की पुढचा पाइप बाटलीत सोडून मोजा: अर्ध्या मिनिटात अर्ध्या लिटरच्या आसपास यायला हवं. कमी आलं तर पाइप तुंबलाय किंवा डायफ्रॅम कडक झालाय. टिकटिक थांबतच नसेल तर पंप कुठेतरी हवा ओढतोय.

कार्बोरेटर एचएस४ जोडी. वरची डॅशपॉट घुमटी काढताना कुठली कुठल्या कार्बोरेटरची यावर खूण करा. पिस्टन आणि घुमटी जोडीने घासलेली असतात, अदलाबदल चालत नाही. पिस्टन उचलून सोडल्यावर "टक्" असा आवाज करून पुलावर (खालच्या उंचवट्यावर) बसला पाहिजे. न बसला तर जेट मध्यात नाही किंवा सुई वाकलीय. घुमटीवरच्या डँपरमध्ये तेच २०डब्ल्यू५० तेल. डँपर कोरडा राहिला तर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच इंजिन गचका खातं, आणि लोक उगाच इग्निशन शोधत बसतात.

जेटची सुरुवात: नट वर पूर्ण घट्ट करून जेट पुलाशी सपाट आणा, मग दोन पूर्ण फेरे, म्हणजे बारा कडा, खाली. दोन्ही कार्बोरेटरला सारखे. इंजिन गरम झाल्यावर पिस्टन उचलायच्या छोट्या पिनने साधारण एक मिलिमीटरहून कमी उचला. वेग क्षणभर वाढून परत बसला तर मिश्रण बरोबर. वाढतच राहिला तर श्रीमंत (पेट्रोल जास्त), घसरला तर गरीब (पेट्रोल कमी). पण त्याआधी दोघांची हवा सारखी करून घ्या. रबरी नळी कानाला लावून फुसफुस ऐकली तरी चालतं.

थ्रॉटलची दांडी वरखाली हलत असेल तर हा सगळा उपद्व्याप फुकट. तिथून हवा शिरते आणि आयडलिंग कधीच बसत नाही. आधी दांडी आणि बुश. आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल असलं तर जुनी रबरं सुजतात. जेटच्या नळ्या, फ्लोटच्या सुया आणि सगळे होज इथेनॉल सोसणारेच मागवा.

तारायंत्र

वीज हा इथे सर्वात जास्त गैरसमज असलेला विषय. १९६७ पर्यंतच्या एमजीबीला पॉझिटिव्ह अर्थ आहे. म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला. सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, एकापुढे एक जोडलेल्या. बॉडी म्हणजे ऋण टोक असं सवयीने धरून कुणी मोबाइल चार्जर किंवा रेडिओ जोडला तर वास आणि धूर दोन्ही मिळेल.

एका बाजूचा पाळणा गेलाच आहे तर दोन सहा व्होल्टच्या जागी एकच बारा व्होल्टची बॅटरी चांगल्या बाजूला बसवा. पॉझिटिव्हच ठेवा किंवा बदला, दोन्ही चालतं. बदलायचं असेल तर फक्त बॅटरीच्या तारा उलट्या करून काम संपत नाही. कॉइलच्या दोन्ही तारा अदलाबदल करा. डायनमोला नवं ध्रुवीकरण द्या: त्याच्या दोन्ही तारा काढून, बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकाची तार 'एफ' टर्मिनलला क्षणभर दोनदा-तीनदा टेकवायची, ठिणगी दिसली की झालं. आणि आरपीएम मीटर: १८जीबीच्या गाडीत तो इलेक्ट्रॉनिक आहे, आतले भाग उलटे केल्याशिवाय चालणार नाही, जळेल. त्याआधीच्या तीन बेअरिंगवाल्यांत तो केबलवर होता, त्यांना ही कटकट नाही.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट: मूळ वायरिंगमध्ये फ्यूज फक्त दोन. हेडलाइट आणि इग्निशनच्या वाटेवर फ्यूजच नाही. उंदरांनी कुरतडलेली कापडी वायर, त्यात फ्यूज नाही, शेजारी पेट्रोलचा पाइप. बॅटरी जोडण्याआधी ऑफ करायचा स्विच बसवा आणि त्या दोन वाटांवर फ्यूज घाला. पहिल्यांदा जोडताना मधे एक बल्ब ठेवा. सगळं बंद असताना तो पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

डिस्ट्रिब्युटर लुकास २५डी४. पॉइंटची फट ०.०१५ इंच, प्लगची ०.०२५, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. स्थिर टायमिंग (बंद इंजिनावर लावलेलं) १८जीबीला पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या १० अंश आधी. कंडेन्सर आणि रोटर आर्म मात्र नवं तितकं चांगलं असं समजू नका. पितळी रिव्हेट असलेला स्वस्त रोटर आतून शाफ्टला ठिणगी देतो, आणि गाडी गरम झाली की मरते, थंड झाली की चालू होते. जुना चालत असेल तर तो फेकू नका, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा.

घाईगर्दी

माफी. मी सेल्फवरची माझी सूचना मागे घेतो. पण इंजिन चालू झालं तर ट्रूडोसवरून खाली एक चक्कर तरी?

अँबॅसिडरवाले काका

ब्रेक झाल्याशिवाय कोठाराच्या दाराबाहेरही नाही. ऑलिंपस शिखर १९५२ मीटर आहे आणि तिथून पाफोसपर्यंत सगळा उतार. या काळातल्या एमजीबीला ब्रेकचं एकच सर्किट आहे. एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो.

पुढे डिस्क, मागे ड्रम. तीन रबरी होज, दोन पुढे आणि एक मागे, न बघता बदला. आतून सुजलेला होज ब्रेक लावू देतो पण सोडू देत नाही. चाक गरम होतं आणि दोष कॅलिपरला दिला जातो. कॅलिपरचे पिस्टन गंजलेले असतील तर स्टेनलेसचे घ्या. मागचे व्हील सिलिंडर पूर्ण नवे. धातूचे पाइप लोखंडी असतील तर तांबं-निकेलचे करून घ्या, ते गंजत नाहीत. मास्टर सिलिंडर गळत असेल तर पेडलच्या वर ओल आणि चालकाच्या पायाशी उडालेला रंग दिसेल. क्लचचंही तसंच, तोही तेलावरच चालतो. सगळं झालं की हवा काढा, आधी सर्वात लांबच्या चाकाची. पेडल कडक झालं तरी रात्रभर दाबून ठेवा आणि सकाळी गळती बघा.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते. पेडल पूर्ण दाबलं तरी गिअर पडत नसेल तर तेच. आणि हो, इथे क्लचचं रिलीज बेअरिंग कार्बनचं आहे. सिग्नलला क्लच दाबून उभं राहायची सवय असेल तर ते लवकर झिजतं.

किंगपिन

पुढच्या चाकांना एमजीबीत किंगपिन आहेत, ग्रीस निपलसह. सगळी निपलं मोकळी करून ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा, चाक जमिनीवर असताना नव्हे, उचललेलं असताना. भार असला की ग्रीस एकाच बाजूने निघतं.

कुणी स्वस्तात ट्रायंफ स्पिटफायर देतोय म्हणालं तर एक इशारा. ती हेरल्डच्या चॅसीवर आधारलेली, आणि हेरल्ड मद्रासला स्टँडर्ड म्हणून बनायची, तेव्हा आपल्याकडच्या जुन्या मंडळींना ठाऊक असेल. तिच्या खालच्या ट्रनियनमध्ये (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या आट्यांच्या सांध्यात) ग्रीस नाही, ईपी ९० तेल घालायचं. ग्रीस आट्यांत शिरत नाही, पाणी बसतं, आटे गंजतात आणि एक दिवस चाक आडवं पडतं. एमजीबीत ही भानगड नाही.

तारांची चाकं: कुणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि चाक पुढे-मागे हलवा. कट्-कट् आवाज आला तर हबवरचे दाते झिजलेत. दाते करवतीसारखे टोकदार दिसले तर हब आणि चाक दोन्ही बदलायचं, नव्या चाकावर जुना हब म्हणजे पैसे वाया. चाक धरून ठेवणारी मधली टोपी सोडायची दिशा: चाक गाडी पुढे जाताना जिकडे फिरतं तिकडे. दोन बाजूंची उलटसुलट. पूर्वी कुणी हब बदलताना डावं-उजवं केलं असेल तर टोपी चालता चालता सुटते. हे पहिल्याच दिवशी तपासा.

गरमहवा

तिकडच्या उन्हाळ्यासाठी. एमजीबी मुळात गरम होणारी गाडी नाही. गरम होते तेव्हा ब्लॉकमध्ये गाळ असतो. चौथ्या सिलिंडरच्या मागे, पाणी काढायच्या तोटीपाशी तो साठतो. तोटी उघडली आणि काहीच आलं नाही तर तार घालून खरवडा. रेडिएटर उलट्या दिशेने पाण्याने धुवा. अर्ध्या नळ्या बंद असतील तर नवा गाभा. थर्मोस्टॅट मूळ ८२ अंशाचा, उष्ण देशांसाठी ७४ चा होता. पाण्यात कूलंट घालाच, साधारण साडेपाच लिटर बसतं. सायप्रसला बर्फाची भीती नाही म्हणून साधं पाणी घालणारे दोन गोष्टी विसरतात: ट्रूडोसवर हिवाळ्यात लोक स्की करतात, आणि अ‍ॅल्युमिनियम-लोखंड एकत्र असताना गंजरोधक लागतोच.

टायमिंग मागे असलं तरी इंजिन तापतं. त्यामुळे रेडिएटर विकत घेण्याआधी ते बघा.

पाफोसकर

बिनशिशाच्या पेट्रोलवर झडपा खराब होतात म्हणे. हेड काढून कठीण सीट बसवून घ्यायच्या का? दोन वेगवेगळे सल्ले मिळालेत.

अँबॅसिडरवाले काका

दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. हेड कशासाठी तरी काढावं लागलं तर एक्झॉस्टच्या कठीण सीट बसवून घ्या, आणि त्याच वेळी झडपांच्या मधे चिरा आहेत का ते तपासून घ्या, बी-सिरीज हेडला त्या पडतात. निव्वळ त्यासाठी चांगलं हेड काढू नका. टॅपेट मोजत राहा: थंड इंजिनला ०.०१५ इंच. एक्झॉस्टची फट दर वेळी कमी-कमी होत गेली तर सीट खचतेय. मग हेड काढायची वेळ आली.

मोजायला सोपी युक्ती: नऊची बेरीज. पहिली झडप पूर्ण उघडी असताना आठवीची फट, दुसरी उघडी असताना सातवीची. हेड उतरवलंच तर परत बसवताना नट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, ४५ ते ५० पौंड-फूट. पाचशे किलोमीटरनंतर थंड असताना परत एकदा, आणि मग टॅपेटही परत.

कागदोपत्री

यंत्राचं सगळं झालं, आता कंटाळवाणं पण महत्त्वाचं. मूळ मालक हयात नसतील तर नोंदणी कुणाच्या नावावर आहे आणि वारसाहक्क पूर्ण झालाय का, हे पैसे देण्याआधी. तोंडी "मुलगी तयार आहे" पुरत नाही, भावंडं असतील तर त्यांचीही सही. चॅसी प्लेटवरचा नंबर आणि नोंदणीपुस्तकातला नंबर अक्षराअक्षराने जुळवा. कुठे इंग्रजी ओ आणि शून्य यांची गल्लत असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या.

गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज प्रमाणपत्र मिळतं. त्यात गाडी अ‍ॅबिंग्डनला कधी बनली, मूळ रंग, मूळ इंजिन नंबर, कुठे पाठवली, हे असतं. अर्ज लवकर करा, कारण मूळ रंग कळल्यावरच रंगाचं ठरवता येईल. ऐतिहासिक वाहनाच्या युरोपीय व्याख्येत तीस वर्षांहून जुनी, उत्पादन बंद झालेली आणि मुख्य भागांत मोठा बदल न केलेली गाडी बसते. पाच गिअरचा आधुनिक बॉक्स वगैरे हौस करण्याआधी हे ध्यानात ठेवा.

भाग इंग्लंडहून मागवताना: २०२१ पासून ते युरोपीय बाजारपेठेबाहेरचं पार्सल आहे. सायप्रसचा १९ टक्के व्हॅट इथे भरावा लागतो, वर हाताळणी शुल्क. त्यामुळे यादी नीट करून दोन-तीन मोठी पार्सलं, वीस छोटी नव्हे. जर्मनी किंवा नेदरलँड्समधल्या दुकानात किंमत जास्त दिसली तरी सीमाशुल्काचा फेरा नाही. बेटाच्या उत्तर भागातून कुणी गाडी किंवा भाग देतो म्हणाला तर हिरव्या रेषेपलीकडचे (बेट दुभागणाऱ्या रेषेच्या उत्तरेचे) कागद हे वेगळं प्रकरण आहे, त्यात पडू नका.

सायप्रस १९६० पर्यंत ब्रिटिश होतं, अक्रोटिरी आणि धेकेलियाचे तळ अजूनही ब्रिटनकडे आहेत, रस्त्याची डावी बाजू तशीच राहिली. त्यामुळे उजव्या हाताच्या जुन्या गाड्या आणि त्या जाणणारे मिस्त्री बेटावर आहेत. लिमासोलला जुन्या मोटारींचं संग्रहालय आहे, तिथे विचारलं तर सिल करणारा वेल्डर कोण ते कळेल. इंटरनेटवरून निवडू नका.

पाफोसकर

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. म्हणजे क्रम असा: कागद, सिल आणि बॅटरीचा पाळणा, ब्रेक, टाकी-पंप, वायरिंगला फ्यूज, मग इंजिन. छत आणि सीट सगळ्यात शेवटी. टायर कधी?

गंजपारखी

ब्रेकच्या आधी, कारण गाडी कोठारातून ढकलायला लागेल. टायरच्या बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांनंतर चार आकड्यांची तारीख शोधा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तुमच्या टायरवर बहुधा तीनच आकडे असतील, म्हणजे २००० च्या आधीचे. ते फक्त ढकलण्यापुरते. आणि इंजिन आणि सिल यांचा क्रम उलटा करू नका, पण इंजिनात तेल-डिझेल आजच घाला. वेल्डर मिळेपर्यंत ते मुरत राहील.

गोटीपाना

आणि मिश्रण घातल्यावर प्लगच्या भोकांत कापड कोंबायला विसरू नका. कोठारात पाली असतात.